भरतीच्या रेघेखाली

वासू, पोचलो.

पोचल्यावर कळव, नाहीतर मी जागा राहतो, असा तुझा दम असायचा. मी नुसता वणीला जाऊन आलो तरी. काल जीप मारेगावात शिरली, अंगणात उभी केली आणि हात आपोआप फोनकडे गेला. तुझा नंबर लावलासुद्धा. सुमनवहिनींनी उचलला.  मी बोलायच्या आत म्हणाल्या, "पोचले ना भाऊजी? बरं झालं." आणि ठेवला. म्हणून हे लिहून राहिलो. तुला कळवायचं तर आहेच.

तू आमच्या पुढच्या खोलीत राहायला आलास तेव्हा नवा मास्तर म्हणून सगळं गाव तुला बघून गेलं. मी आधी वास घेतला. दोन दिवस घरात असा काही वास सुटला की मी पैजेवर सांगितलं, फरशीखाली घूस मेली. पहार घेऊन तुझ्या खोलीतल्या चार फरश्या उखडल्या. तू शाळेतून आलास, खड्ड्याकडे बघितलंस आणि खिडकीत टांगलेली पिशवी काढून दाखवलीस. सुकट. तुझ्या आईने दिलेली. "गुणवंतराव, फरश्या परत बसवणार का मी खाली झोपू?" एवढंच विचारलंस. त्या फरश्या अजून वर-खाली आहेत. घरात येणारा प्रत्येक पाहुणा तिथे अडखळतो, आणि आई-बापाने माझं नाव गुणवंत कोणत्या आशेने ठेवलं हे मला त्याला सांगावं लागतं.

त्या खोलीत बसून तू मला तुझं गाव सांगितलंस. सुरूबाव. कोकणात खाली, समुद्राला चिकटलेलं. मला वाटायचं तू थापा मारतोस, कारण तुझ्या वर्णनात गावाबद्दल फुशारकी मारावी असं काहीच नसायचं. किल्ला नाही, बंदर नाही, नावाजलेला आंबा नाही. मागे काळ्या कातळाचा सडा, एका अंगाला खाडी, समोर समुद्र, मध्ये माडांत लपलेल्या चार वाड्या. रस्ता देवळापाशी येऊन संपतो, कारण पुढे जायला जागाच नाही. थाप मारणारा माणूस यापेक्षा बरं गाव रचेल. मग तू गावपळण सांगितलीस, आणि माझी खात्री झाली की थापच.

"काही वर्षांनी एकदा देव कौल देतो आणि सगळं गाव शिवेबाहेर जातं. तीन दिवस. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं. मागे जिवंत काही ठेवायचं नाही."

"अन् घराले कुलूप?"

"दारं उघडी. गाव देवाला मोकळं करून द्यायचं."

"एखांदी म्हातारी राह्यतच असन मांगं. खाटेवर पडून."

"तिला खाटेसकट नेतात."

"एखांदा तरी राह्यते बे. माणसाची जात हाये."

"एकही नाही गुण्या. सुईसुद्धा जागची हलत नाही."

किती वर्षं चालला हा वाद. तुरीच्या ओल्या शेंगा मिठात उकडून परातीत घ्यायच्या, सोलत बसायचं आणि तुझं गाव रिकामं होतं की नाही यावर भांडायचं. ज्या शिवारात उघड्यावर टाकलेला पाण्याचा पाइप सकाळी दिसत नाही, तिथल्या माणसाने ही गोष्ट कशी मानावी? मी म्हणायचो, एकदा दाखव. तू म्हणायचास, पळण लागली की ये.

दुसरा वाद धुऱ्याचा, वावराच्या बांधाचा. तो तर पुराच झाला नाही. शेजारच्या रामरावाने माझ्या धुऱ्यात नांगर घातला म्हणून मी शिवारभर बोंब मारली, सरकारी मोजणी मागवली, तुला साक्षीदार म्हणून बांधावर उभं केलं. मोजणी झाली. निघालं असं की मीच त्याच्या वावरात घुसलेला. तू हसत हसत कपाशीत बसलास. घरी येताना म्हणालास, "आमच्या गावाचा एक धुरा रोज सरकतो. येतो, जातो. कोणी मोजणी मागवत नाही."

"कोणता?"

"समुद्राकडचा."

"मंग पाणी मांगं गेल्यावर जे ओली वाळू उरते, ते कोणाची? गावाची का समुद्राची?"

 भूगोल शिकवणारा मास्तर तू! "दाजीला विचारून सांगतो," म्हणालास. दाजी म्हणजे तुझा चुलतभाऊ, गावाचा मानकरी, देवाला गाऱ्हाणं घालणारा. विचारायचं तू विसरलास. मीही.

निवृत्त झालास आणि वहिनींना घेऊन सुरूबावला निघालास तेव्हा मी स्टँडवर आलो नाही. जीप बंद पडली असं कळवलं होतं. जीप चांगली होती. मी म्हटलं होतं, "इथंच राह्य. मेला तर कपाशीच्या पऱ्हाटीवर नीट जाळतो तुले." तू म्हणालास, "नाही रे. मला माझ्या समुद्रापाशी जाळायचं. आईबापाला जाळलं तिथंच." माणूस आयुष्यभर आपल्या घरात शेंगा सोलतो आणि जळायला दुसरीकडे जातो, याचा मला राग आला होता. बरेच महिने फोन केला नाही. मग तुझाच आला. "पळण लागलीय. ये, आणि एकदाचा हर."

मी काय केलं ते तुला ठाऊक आहे, पण मला परत सांगू दे. हल्ली ते माझ्या डोक्यात घोळतच असतं.

पोचलो तेव्हा पळणीचा दुसरा दिवस होता. खाडीच्या पुलाअलीकडे सड्यावर तुमच्या झावळ्यांच्या झोपड्या दिसत होत्या, धूर दिसत होता. तिथे वळायचं होतं. मी वळलो नाही. माझ्या डोक्यात वऱ्हाडी वकील जागा झाला. बंदी गावकऱ्यांना, मी गावकरी नाही, म्हणजे बंदी मला नाही. आत एक जरी माणूस सापडला तरी इतक्या वर्षांचा वाद मी जिंकलो. पुलावरून जीप सरळ गावात.

देवळापाशी जीप बंद केली आणि पहिल्यांदा कळलं की आवाज नसणं म्हणजे काय. कुत्रं भुंकलं नाही. कोंबडी नाही. दारं उघडी, आत पितळेची भांडी चकाकत होती. मी घराघरांत डोकावलो.  तुझं घर पाटीवरून ओळखलं. ओट्यावर तुरीच्या शेंगांची पिशवी ठेवली, तुझ्यासाठी आणलेली, आणि क्षणभर बसलो. मग एकाएकी वाटलं की मला कोणीतरी बघत आहे. मी उठलो आणि पळालो. पिशवी तिथंच.

तू झोपडीबाहेर दगडावर बसला होतास. वाळला होतास. मी तोंड उघडायच्या आत म्हणालास, "कुठून आलास ते जीपच्या तोंडावरून दिसतंय. मग? सापडलं कोणी?"

डोळ्यांत तेच हसू, कपाशीत बसलास तेव्हाचं. मी उत्तर देणार तेवढ्यात दाजी आला. मागे चाळीस-पन्नास माणसं.

"हो कोण? गावात गेल्लो?"

कोणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. एक बाई हळूच म्हणाली, "घाटी मेलो. आता कौल कसो मिळतलो?" आमच्या मारेगावात दूरदूर घाट नाही रे, पण ते सांगायची ती वेळ नव्हती.

दाजी तुलाच म्हणाला, "वासू, ह्याचो जाब देवाक कोण देतलो?"

तू उठून उभा राहिलास. इतक्या वर्षांत तुला तुझ्या बोलीत बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं. "मी देतलंय. माजो पावणो तो."

 चौथ्या सकाळी परतीचा कौल लावायचा होता. देवाने नाही म्हटलं तर सगळं गाव, बाळंतिणी आणि म्हाताऱ्यांसकट, सड्यावरच राहणार होतं. माझ्यामुळे. त्या संध्याकाळी आपल्या झोपडीकडे कोणी फिरकलं नाही. तू मला हसवायचा प्रयत्न केलास. मी हसलो नाही, आणि तेवढं एक फार लागून राहिलंय.

सकाळी चहाचा कप हातात घेतलास आणि कुशीवर वळावं तसा कलंडलास. कप सांडलासुद्धा नाही, वहिनींच्या हातात गेला. जीपमध्ये घालून तालुक्याला नेलं. डॉक्टरांनी बघितलं आणि चष्मा काढला.

वासू, तुला परत आणलं तेव्हा सड्यावर जे सुरू झालं ते तुला बघता आलं नाही, म्हणून सांगतो. तुमचं स्मशान शिवेच्या आत. आत पाय टाकता येत नाही. देवाला विचारावं तर कौल उद्या सकाळीच, त्याआधी देवासमोर जायची मुभा दाजीलाही नाही. आणि उद्याही कौल मिळेल असं कोणी छातीवर हात ठेवून म्हणेना, कारण एक शहाणा आत फिरून आला होता. ऊन चढत होतं. तुला ठेवणार किती?

दाजी वहिनींसमोर खाली बसला. "वयनी, तालुक्याच्या स्मशानात नेऊया. दुसरी वाट नाय."

वहिनी वणीकडच्या. आयुष्यभर मी त्यांचा आवाज चढलेला ऐकला नव्हता. तेव्हाही चढला नाही. "दाजीभाऊजी, मले इतक्या दूर कायले आणलं यायनं? याच समुद्रासाठी ना? आता टिनाच्या शेडात, अनोळखी गावात जाळता? मी नाही नेऊ देत."

"नियम माजो नाय. गावाचो."

"मले मालूम हाये. म्हणूनच तुमच्याशी भांडून नाही राह्यले. फक्त नाही म्हणतो."

 तिकडे बायका कुजबुजत होत्या की हा माझ्याच पायगुणाने गेला. मला तेव्हा ते खोटं वाटत नव्हतं. खाली खाडीच्या तोंडाशी पाणी मागे सरकत होतं, चकचकीत पट्टा उघडा पडत होता. मी तुझ्याकडे बघितलं, त्या पट्ट्याकडे बघितलं, आणि ज्याला तोंड उघडायचा सगळ्यात कमी अधिकार होता त्याने तोंड उघडलं.

"दाजी, तुमच्या गावाचा धुरा समुद्राकडून कुठं लागते?"

त्याला वाटलं मी वेडा झालो. "धुरा?"

"शीव. देवाची हद्द."

"भरतीची रेग. थंयपर्यंत देव राखता."

"अन् रेघेच्या खाली? पाणी मांगं गेल्यावरची वाळू?"

 म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं. एक जण म्हणाला, "थंय गाव नाय. थंय दर्या."

"मंग तिथं जाळू. गावात पाय न टाकता. पाण्याकडून जाऊ."

दाजीने समुद्राकडे बघितलं. घड्याळ बघावं तशी त्याने ओहोटी बघितली. "सुकती अर्धी झाली. आता निघूक व्हया. पाणी कोणासाठी थांबना नाय."

पुढे कोणाला काही सांगावं लागलं नाही. जे काल माझ्याकडे बघत नव्हते त्यांनी झोपड्यांचे खांब उपटले, सुरूची लाकडं, वाळके माड, जे मिळालं ते होडीत टाकलं. एका होडीत लाकडं, एका होडीत तू. वहिनी उठल्या तेव्हा दाजी म्हणाला की बायका स्मशानात येत नाहीत. वहिनी म्हणाल्या, "तुम्हीच म्हणता ना ते गाव नाही, स्मशान नाही? मंग मी येतो." आणि होडीत जाऊन बसल्या.

मला पोहता येत नाही हे तुला माहीत होतं. दोन्ही हातांनी मी तुझ्या तिरडीचा बांबू धरला होता. लोकांना वाटलं दुःखाने. भीतीने धरला होता रे. जिवंतपणी तू मला तलावात नेत नव्हतास, मेल्यावर समुद्रात नेलंस.

खाडीच्या तोंडातून वळसा घातला आणि तुमचा किनारा समोरून दिसला. माड, कौलं, आणि त्यांच्या अलीकडे वाळूवर वाळकं शेवाळ, शिंपले, सुरूच्या सुया यांची बारीक रेघ. होडी टेकली आणि पाण्यातून सुटल्याच्या आनंदात मी उडी मारून कोरड्या वाळूकडे धावलो. दाजीने मागून माझी कॉलर पकडली. माझा पाय रेघेच्या वर अधांतरी होता.

"परत?" एवढंच म्हणाला.

रेघेच्या अगदी खाली सरण रचलं. ओली वाळू, खारं वारं, लाकूड पेटेना. इतका लांबचा रस्ता म्हणून मी जीपमध्ये डिझेलचा कॅन ठेवला होता, तो कोणीतरी आठवणीने होडीत टाकलेला. दाजीने अग्नी दिला. ज्वाळा वर गेली तेव्हा पाणी लांब होतं. मग ते वळलं.

वासू, तसं उभं राहणं मी कधी विसरणार नाही. मागे कोरडी वाळू, तिच्यावर पाय टाकायचा नाही. पुढे तू, आणि तुझ्यामागून येणारं पाणी. मधला पट्टा दर लाटेला अरुंद होत होता. कवटी फुटेपर्यंत थांबायचं असतं. मी मनात म्हणत होतो, लवकर कर बाप्पा. आयुष्यभर तू वेळेवर शाळेत गेलास, आज काहून उशीर? मग लाज वाटून म्हणायचो, नको, घाई नको. फेस पावलांना लागला. वहिनींचं लुगडं भिजलं. दाजी गुडघाभर पाण्यात जाऊन होडी धरून उभा. पहिलं पाणी सरणाला लागलं आणि चर्र झालं. एकही माणूस मागे सरकला नाही. त्याच वेळी कवटी फुटल्याचा तो आवाज आला. दाजीने हात जोडले. आम्ही होडीत चढलो आणि वळून बघितलं तेव्हा तू आणि समुद्र एकमेकांत मिसळत होतात, वाफ येत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं गाव शिवेपाशी उभं. दाजीने देवळाकडे तोंड करून गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, येक पावणो नकळत आत गेलो, तेची चूक पदरात घे."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"आमचो वासू रेगेभायर ऱ्हवलो. तेका भायरचो म्हणू नको म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." या वेळी मीही म्हणालो. सगळ्यांचं म्हणून झाल्यावर, एकटाच.

दाजी दोन मानकऱ्यांना घेऊन आत गेला. देवाच्या पाषाणाला ओल्या कळ्या लावायच्या, उजवी पडली तर होकार, असं तूच सांगितलं होतंस. होकार आला की ढोल वाजणार. ऊन माडांच्या शेंड्यांवरून खाली उतरलं. गुरं दावी ओढू लागली. ती घाटी म्हणणारी बाई माझ्या शेजारीच उभी होती, तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि पदराखाली हात जोडले. मी तुझ्याशी बोलत होतो. म्हटलं, जाब देतो म्हणालास ना, आता दे. तोंडी परीक्षा आहे मास्तर, अडखळू नको.

ढोल वाजला.

लोक धावले, गुरं धावली, कोंबड्यांच्या टोपल्या उघडल्या. मीही निघालो तर दाजी परत येऊन समोर उभा. "तुम्ही सगळ्यांच्या मागसून येवा." वाक्य कडक होतं, पण माझ्या खांद्यावर हात ठेवून बोलला. मी थांबलो. शेवटची म्हातारी खाटेसकट आत गेली आणि मग मी.

तुझ्या घराच्या ओट्यावर तुरीच्या शेंगांची पिशवी तशीच होती, मी टेकवली होती तिथंच. कावळ्यानेही चोच मारलेली नव्हती. शेजारी शेणाच्या सारवणावर फक्त माझ्या चपलांचे ठसे. गावाचा आवाज परत आला होता, कुत्री भुंकत होती, कोणीतरी विहिरीवर रहाट फिरवत होतं. समोर भरतीचं पाणी रेघेला येऊन टेकलेलं. वहिनी मागून आल्या, पिशवी उचलून म्हणाल्या, "उकडते. बसा."

मी बसलो, आणि मग आठवलं की तू मला काहीतरी विचारलं होतंस आणि दाजी आला म्हणून उत्तर राहून गेलं.

नाही रे वासू. कोणीच सापडलं नाही. सगळी दारं उघडी होती, आणि आत कोणी नव्हतं.